चिंचतांबड्याच्या बदल्यात

देशी टोमॅटोचं जुनं बी हवं असेल, तर बदल्यात आपल्या घराण्यात चालत आलेली एखादी गोष्ट द्यावी लागते. बीज देवघेव मंडळाच्या संकेतस्थळावर हा नियम पहिल्याच पानावर आहे आणि त्याला अपवाद नाही. पैसे ते घेत नाहीत. भांडी, दागिने, जमीन यांनाही तिथे कुणी विचारत नाही, कारण मंडळाच्या मते या वस्तू घराण्यात चालत येत नाहीत, नुसत्या पडून राहतात.

त्या यादीत मी आठवडाभर डोकं घालून बसलो होतो. बसलो होतो हे खरं म्हणजे चूक आहे. आम्हा बोकिलांच्यात कुणी बसत नाही. दोन वाण बघायचे, उठायचं, फाटकाची कडी लागलीय का बघायची, परत यायचं, आणि बघितलेले दोन वाण विसरल्यामुळे पुन्हा तेच बघायचे, असं माझं चाललं होतं. वडील जेवताना मधेच उठून पाण्याची मोटार बंद आहे ना ते बघून येत. आजोबा स्वतःच्या साठीशांतीला, भटजी समोर बसलेले असताना, भटजी आले का ते बघायला पाटावरून उठून बाहेर गेले होते. फलटणमध्ये याला बोकिलांची चुळबूळ म्हणतात. आम्ही मात्र काळजी म्हणतो.

यादी भली मोठी होती. प्रत्येक टोमॅटोचा फोटो, गुणधर्म, आणि खाली मालकाला बदल्यात काय हवं ते. एका पिवळ्या वाणाला गाता गळा हवा होता, निदान दोन पिढ्यांचा. एका गुलाबी वाणाला पहाटे उठण्याची सवय चालणार होती. एका अक्कलकोटकर बाईंनी ठळक लिहिलं होतं, "घोरणं पाठवू नये, भरपूर जमा झालं आहे." मला यातलं काहीच नको होतं. मला चिंचतांबडा हवा होता.

चिंचतांबडा माझ्या बायकोच्या माहेरचा, पण आता तिथेही तो उरलेला नाही. खांद्याला हिरवा, अंगाला भोपळ्यासारख्या पाकळ्या, आणि असा आंबट की सारात कोकम घालायला लागू नये. दोन वर्षांपूर्वी आलेल्या तापानंतर प्रमिलाच्या तोंडाची चव गेली, ती परत आलीच नाही. तिच्या हाताचं सार खायला लोक लांबून येत, तीच बाई आता दर भाजीला मला हाक मारायची, "अहो, मीठ बघा जरा." मी बघायचो. कमी आहे म्हणायचो. मग नाही, बरोबर आहे म्हणायचो. मग पुन्हा बघायचो. डॉक्टरांनी हात टेकले होते. एकदा ती बोलताबोलता म्हणाली, "आमच्या चिंचतांबड्याची नुसती आठवण काढली ना, तरी जिभेच्या कडेला काहीतरी होतं. बाकी कशानं काही होत नाही." झालं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात भुंगा शिरला. तिला दिवसातून पन्नासदा विचारायचो, आत्ता होतंय का, आता? ती वैतागायची. "होईल तेव्हा सांगेन. माझा पिच्छा सोडा."

शेवटी तो सापडला. ओतूरचे गेनभाऊ पठारे यांच्या नावावर होता. फोटोत टोमॅटो होता आणि टोमॅटोमागे पठाऱ्यांचं अख्खं कुटुंब एका बाजेवर निवांत बसलेलं होतं. खाली लिहिलं होतं, "बदल्यात : जिवाला लागणारा घोर. आमच्यात कुणालाच नाही. जुना असावा."

मी तिथल्या तिथे फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला.

"घेऊ म्हन्तो," गेनभाऊ म्हणाले. "पर घाई नाय."

"मला आहे," मी म्हटलं. "पण तुम्हाला घोर कशाला हवाय? लोक तो जावा म्हणून नवस बोलतात."

"आमच्यात कुनाला काय वाटतच नाय हो. जावई रुसून गेला, ते आमाला दुसऱ्या दिवाळीला कळलं. येवढं चालून जातं. पर गेल्या साली आई रानात पडली. दिवस मावळंपर्यंत एकाच्याबी मनात आलं नाय, का म्हातारी अजून आली कशी नाय. तवा म्हन्लं, हे काय खरं नाय. घरात कुनाला तरी वाटाया पायजे."

"आई बऱ्या आहेत ना आता?" मी विचारलं. "चालतात ना? डॉक्टर काय म्हणाले? दुसरं मत घेतलंत का?"

"हे," गेनभाऊ खूश होऊन म्हणाले, "हेच पायजे."

मंडळ असं कुणाच्या शब्दावर काही घेत नाही. त्यांच्याकडून तपासणीला अष्टेकर नावाच्या बाई आल्या. इस्त्रीची साडी, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा मामलेदार कचेरीतला. त्यांनी प्रथम विचारलं, "हा अस्वस्थपणा घरचाच आहे ना? मोबाईलमुळे आलेला आम्ही घेत नाही. तो पुढच्या पिढीत टिकत नाही."

मी म्हटलं, "घरचाच. मोबाईलच्या आधीपासून आहे."

"आईकडून काही मिसळलंय?"

"आई फार शांत होती. पण तिचं आमच्यात काहीच उतरलं नाही."

"तुमचं दुर्दैव, पण वाणाच्या दृष्टीने चांगलं," असं म्हणून त्यांनी प्रमिलाला पातेलं मागितलं, स्वतः गॅसवर ठेवलं, ज्योत बारीक केली आणि मला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. "दूध ठेवलंय. मी बघते. तुम्ही उठायचं नाही."

मी खुर्चीचे हात धरून बसलो. बाई माझ्यासमोर बसल्या, म्हणजे दुधापाशी कुणीच नव्हतं. "ज्योत बारीकच आहे ना?" मी विचारलं. त्यांनी मान डोलावली. "पातेलं मोठं घेतलंय ना?" त्यांनी पिशवीतून वही काढली. आतून सूं असा आवाज आल्याचा मला भास झाला आणि पुढचं मला आठवत नाही. मी ओट्याशी उभा होतो आणि माझ्या हातात सांडशी होती. पातेल्यात दूध नव्हतंच. गार पाणी होतं, आणि खालचा गॅसही त्यांनी कधीच बंद केलेला होता.

"उत्तम," अष्टेकर बाई मागून म्हणाल्या. "अस्सल आहे."

त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. वाण दिला की तो घराण्यातून जातो. म्हणजे माझ्यातूनही आणि माझ्या मुलीतूनही. मी विचारलं, थोडा ठेवून घेता येईल का, नड पडली तर असावा म्हणून. त्या म्हणाल्या, "अर्धा दाणा पेरून उगवत नाही, बोकीलसाहेब."

आमची गौतमी पुण्याला सनदी लेखापालाच्या परीक्षेची तयारी करते. तिला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, आत्ताच्या आत्ता देऊन टाका. मला रात्रीची झोप तरी लागेल." प्रमिलाला विचारलं. ती पदराला हात पुसत म्हणाली, "घरात थोडी शांतता येईल. माझी काही ना नाही." तिने ते हसत म्हटलं होतं. तिला तेव्हा मनापासून तसंच वाटत होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी एका छोट्या पुरचुंडीत गोवरीची राख घातली, बी टिकवताना घालतात तशी, आणि ती माझ्या हातात देऊन मला अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. मी फाटकापाशी गेलो, कडी बघितली, मोटारीचं बटण बघितलं, गच्चीचं दार बघितलं, परत फाटकापाशी आलो. असं बराच वेळ चाललं. मग एका फेरीत मी कडीपर्यंत गेलो आणि कडी बघायची राहून गेली. "आता गाठ मारा," बाई म्हणाल्या. मी गाठ मारली. पुरचुंडी पोपटाच्या पिल्लासारखी हातात हलत होती. त्यांनी ती पिशवीत ठेवली, पावती दिली आणि चहा न घेता गेल्या. मी खुर्चीवर बसलो ते प्रमिलाने जेवायला हाक मारली तेव्हाच उठलो.

बी यायला वेळ लागेल असं मी धरून चाललो होतो, कारण पठारे मंडळी. पण पुरचुंडी ओतूरला पोचली आणि बी लगेच आलं. त्यापाठोपाठ तेच बी आणखी एकदा आलं, पहिलं गहाळ झालं असेल तर असावं म्हणून. मग गेनभाऊंचा फोन आला.

"पोचलं का?"

"पोचलं."

"ओलं तर नाय ना झालं? पुडी फोडून बघा. मी थांबतो."

पुडी फ्रिजवर होती. मला स्वतःहून काही करावंसं वाटत नव्हतं, पण कुणी सांगितलं तर करायला माझी हरकत नव्हती. मी पुडी फोडली, कोरडी आहे म्हणून सांगितलं. ते रोज फोन करू लागले, मग दिवसातून कितीतरी वेळा. माती भुसभुशीत केली का? पेरलं का? कोंब दिसतो का? दिसत नसेल तर उकरू नका हां, पर दिसतो का? पावसाची झड लागली तेव्हा त्यांनी मला गच्चीवर पाठवून रोपांवर छत्र्या धरायला लावल्या. मागून त्यांच्या घरातला आवाज यायचा. कुणीतरी दार उघडून बंद करत असायचं, कुणी आईला विचारत असायचं, बरं वाटतंय ना, पाणी देऊ का. एकदा फोन ठेवताना ते म्हणाले, "नाय, नुसतं इचारलं," आणि माझ्या लक्षात आलं की हे माझ्या वडिलांचं वाक्य आहे, त्याच लयीत, शेवटचा शब्द तसाच लांबवलेला. त्याची मला गंमत वाटली. त्याहून जास्त काही वाटलं नाही.

मधे गौतमीचा फोन आला. तिचा पेपर परवाच होऊन गेला होता, तो तिला आज आठवला होता. "पण बाबा, मला काहीच वाटत नाहीये," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, परीक्षा काय, पुन्हा होते." प्रमिलाने ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या रात्री तिने पहिल्यांदाच फाटकाची कडी स्वतः जाऊन बघितली. ती परत आली तेव्हा मला म्हणाली, "तुम्ही इतक्या दिवसांत मला एकदाही विचारलं नाहीत."

"काय?"

"चव येतेय का ते."

"येईल तेव्हा सांगशीलच की," मी म्हटलं. तीच असं म्हणायची, म्हणून मी म्हटलं. ती कूस बदलून झोपली.

नवरात्र संपता संपता पहिला चिंचतांबडा पिकला. खांद्याला हिरवा, अंगाला पाकळ्या, सगळं फोटोतल्यासारखं. प्रमिलाने तो स्वतः तोडला, धुतला, ओट्यावर कापला. मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलो होतो. तिने एक फोड तोंडात घातली, डोळे मिटले, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"आंबट," ती म्हणाली. मग डोळे उघडून, मोठ्याने, "अहो! आंबट आहे!"

"छान झालं," मी म्हटलं.

मला आनंद झाला होता, हे मी नाकारत नाही. आनंद जिथल्या तिथे होता, खाली ठेवलेल्या पिशवीसारखा. प्रमिला माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हनुवटीवरून टोमॅटोचा रस ओघळत होता आणि तो पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं.

"विचारा ना," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"काहीही विचारा. दोन वर्षं नुसतं विचारतच होतात ना?"

मी खरोखर विचार केला. तिला चव आलेली होती. ते तिने सांगितलेलं होतं. त्यापुढे विचारण्यासारखं मला काही सापडेना, आणि खोटं विचारणं माझ्या स्वभावात नाही. मी तिला तसं सांगितलं. तिचा चेहरा पडला. ती ओट्याकडे वळली आणि उरलेल्या फोडी झाकून ठेवायला तिने ताटली घेतली, तेवढ्यात फोन वाजला. तिनेच उचलला.

"वहिनी, पिकला का? खाल्ला का?" गेनभाऊंचा आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होता.

"खाल्ला, भाऊ."

"मंग? लागला का? कुठं लागला? टोकाला का कडंला?"

"कडेला," प्रमिला म्हणाली. "आधी कडेला. मग सगळीकडे."

"दोन्ही कडंला का येकाच? मागनं गोडी आली का? नीट सांगा, वहिनी, माझा जीव थाऱ्यावर नाय."

"थांबा हं, परत बघते." तिने ताटली बाजूला केली आणि दुसरी फोड घेतली. "आली. मागून गोडी आली. आमची आई मीठ लावून द्यायची ना, अगदी तश्शी."

"रडताय का काय?"

"नाही हो."

"मंग आवाज असा का येतोय?"

यावर प्रमिला हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं, आणि ती ओट्याला पाठ लावून खाली फरशीवर बसली. गेनभाऊ विचारत राहिले आणि ती सांगत राहिली: आईचं परसू कसं होतं, सार कसं करायचे, ताप कधी आला, चव गेली तो दिवस कुठला. यातलं पुष्कळसं मलाही नवीन होतं. ऐकायला छान वाटत होतं. मधे एकदा तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग पदराने तोंड पुसलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्या आई कशा आहेत?" तिने त्यांना विचारलं. "जेवल्या का आज?"

मी खुर्चीत बसून होतो. मला अगदी बरं वाटत होतं.