कुलूपकाका झोपेत काय बोलतात

परीक्षक बाईंनी चहाला नको म्हटलं, तेव्हाच कुलूपकाकांनी ओळखलं, आजचा दिवस जड जाणार.

"साखर कमी घालून आणू का?" त्यांनी विचारलं.

"साखरेचा प्रश्न नाही. ज्यांची तपासणी करायची त्यांच्याकडचं काही घ्यायचं नाही," असं म्हणून बाईंनी पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. पेन स्वतःचं, कागद स्वतःचे, चष्मा पुसायचं फडकंसुद्धा स्वतःचं. बसायला खुर्ची मात्र नाइलाजाने काकांच्याच ऑफिसची घ्यावी लागली. तिच्याही अगदी कडेवर त्या टेकल्या.

ऑफिस गाद्या-उशांच्या कंपनीचं. खाली गोदाम आणि वर फोनची खोली. त्या खोलीत आठ बायका कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांची झोप विकायच्या. गिऱ्हाईक फोनवरच गादी पसंत करायचं आणि फोनवरच आपल्या कार्डाचा नंबर सांगायचं. हे नंबर इथे सुखरूप राहतात की नाही, हे वर्षातून एकदा बाहेरच्या, कुणाचाही मिंधा नसलेल्या माणसाने तपासायचं आणि सही द्यायची, अशी बँकेची अट होती. मुदत आज संध्याकाळची. सही नाही मिळाली तर उद्यापासून फोनवर कार्ड बंद. शेठ सकाळी जिन्यातच म्हणाले होते, "सही नाही, तर ती खोलीही नाही. आठ जणींना तुम्हीच सांगा मग."

कुलूपकाका तिथले सुरक्षाप्रमुख. खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. एरवी ते कपाटाला कुलूप लावत, खणाला कुलूप लावत, आणि कुलूप लागलं का म्हणून तीनदा ओढून बघत. पासवर्ड कागदावर लिहिणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग. "कागद फितूर असतो," ते प्रत्येक सभेत सांगत. "मनात ठेवा. मनाला दार नसतं." संगणकाची यंत्रणा दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड मागायची. काकांच्या रुक्ष आयुष्यातला सगळा हळवेपणा तेवढ्या एका ओळीत उतरायचा, आणि ती ओळ कुणालाच दिसायची नाही.

"कालचा एखादा फोन ऐकवा," बाई म्हणाल्या. "कोणता ते मी सांगते. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला."

फोनच्या खोलीतली सगळ्यात जुनी बाई म्हणजे गोडताई. नाव आवाजावरून पडलेलं. 'आमच्याकडे सध्या माल नाही' हेसुद्धा ती असं सांगायची की माणूस आभार मानून फोन ठेवायचा. बाईंचं बोलणं ऐकून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम, त्यापेक्षा त्याच्या पुढचा ऐका ना. त्यात आवाज फार छान आलाय."

"मला पहिलाच हवा."

गोडताईने काकांकडे बघून डोळे मोठे केले. काकांनी त्याचा अर्थ 'घाबरू नका' असा लावला आणि अंगठा दाखवून त्या फोनची ध्वनिफीत सुरू केली.

"नमस्कार, गादीबद्दल बोलायचंय," भिंतीवरच्या कर्ण्यातून एक ठसठशीत आवाज आला. काकांचा अंगठा तसाच वर राहिला. हा आवाज ते गेली कित्येक वर्षं सकाळ-संध्याकाळ ऐकत होते.

"काकू! तुम्ही? काकांना बोलावू का?" ध्वनिफितीतली गोडताई म्हणाली.

"मुळीच नको! त्यांना कळता कामा नये. एक गादी हवीये, एका माणसाची. बाहेरच्या खोलीत टाकीन म्हणते."

"पाहुणे येणारेत वाटतं?"

"कसले पाहुणे, हेच! अहो, आठवडाभर डोळ्याला डोळा नाही माझा. रात्रभर बडबडतात. दुसऱ्यांचे नवरे निदान घोरतात तरी! हे आपले सारखं एकच. 'पांढरा ससा, सात-दोन-सात, खाली रेघ, पुढे प्रश्न.' मी म्हटलं, अहो, काय प्रश्न आहे ते तरी सांगा. तर कूस बदलून पुन्हा पांढरा ससा!"

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. काका भिंतीला टेकले. पुढे काकूंनी कार्डाचा नंबर सांगायला घेतला तसं गोडताईने ध्वनिमुद्रण थांबवायचं बटण दाबलं होतं. नंबराच्या जागी नुसती शांतता आली. बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली. मग पेन खाली ठेवलं.

"हा ससा कोण?"

काकांनी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

"तुमच्या मुख्य यंत्रणेचा पासवर्ड तर नव्हे?"

"होता," काका खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "काल संध्याकाळपर्यंत होता. तुम्ही येणार म्हणून बदलला मी. शप्पथ."

"दाखवा बरं."

काकांनी सशाची ओळ टाकली. यंत्रणेने ती नाकारली. खोलीभर सुटकेचा सुस्कारा फिरला. "आता नवा टाका आणि मला आतली व्यवस्था दाखवा. तेवढं पाहिलं की सहीच करायची," बाई म्हणाल्या. आठ जणींनी खुर्च्या पुढे ओढल्या.

काकांनी बोटं उचलली. आणि डोक्यात पाहतात तो काय, तिथे एक पांढरा ससा बसलेला. त्याला हाकलावं तर तो कान टवकारून परत. मागे काहीतरी निळं निळं हलतंय एवढंच दिसत होतं. काकांनी एक ओळ टाकली, चुकली. दुसरी टाकली, तीही चुकली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. आता अर्धा तास थांबा, मग एकच संधी. ती हुकली तर खातं कायमचं बंद.

"चुकीच्या माणसाला यंत्रणा आत घेत नाही," बाईंनी आणखी एक खूण केली. "हे उत्तम आहे."

"पण मी चुकीचा माणूस नाहीये हो!" काकांना रडू यायचं बाकी होतं.

"कुठे लिहून ठेवलाय का?"

"कागद फितूर असतो," आठही जणी पाठ केल्यासारख्या म्हणाल्या.

यंत्रणा बसवून देणाऱ्या कंपनीला फोन केला. पासवर्ड नव्याने द्यायला ते दोन दिवस घेत, तेही लेखी अर्जावर. हा नियम काकांनीच भांडून करून घेतला होता.

"काकूंना विचारा ना," गोडताई म्हणाली. "काल रात्री नवीन बोलला असाल की तुम्ही."

"फोनवर पासवर्ड विचारलात, तर मला नापास लिहावं लागेल," बाई शांतपणे म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. पण त्यांच्या बाटलीतली पाण्याची पातळीही सरळ रेषेत असावी, अशा त्या होत्या.

मग गोडताई काकांजवळ आली, खालच्या आवाजात म्हणाली, "काका, जागेपणी आठवत नाहीये ना? मग झोपा."

"काय?"

"खाली गोदामात पाहिजे तेवढ्या गाद्या आहेत. झोपेत बोलाल ते तुमचं तुम्हालाच ऐकू येईल. दचकून जागे व्हा, वर या, टाका."

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी नियमांचं पुस्तक अलीकडून पलीकडे चाळलं. "झोपेला मनाई करणारं कलम दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्या कुणी ऐकलं, तर तो पासवर्ड फुटला असं धरावं लागेल. कुणी ऐकत नाही ना हे बघायला मला मात्र तिथे हजर राहावं लागेल."

गोदामात मुकादमाने सगळ्यात जाड गादी अंथरली. हमालांनी हातगाड्या थांबवल्या. वरच्या आठ जणी, खालचे हमाल, स्वतः मुकादम, सगळे कानात बोटं घालून गोल उभे राहिले. बाईंनी डाव्या कानात बोट घातलं. उजव्या हातात पेन होतं.

काका बूट काढून आडवे झाले, पण झोप कुठली! डोळे टक्क उघडे. डोळे मिटावेत तर शेठ जिन्यात उभे दिसायचे. अर्धा तास सरला, संध्याकाळची मुदत जवळ येत चालली, तशी एकेकीच्या तोंडचं पाणी पळालं. धाकटीने तर घरी काय सांगायचं याची मनात जुळवाजुळवसुद्धा सुरू केली. शेवटी गोडताईने कानातली बोटं काढली, गादीच्या उशाशी बसली आणि लेकराला थोपटावं तसं हळू गुणगुणायला लागली,

"नीज गं पापणी, उतर गं पायरी,
दिसभर राखण केली डोळ्यांच्या दारी..."

गोदामातली धूळसुद्धा उन्हाच्या पट्ट्यात हळू हळू खाली बसली. हमालांच्या माना डुलायला लागल्या. काकांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करत उलगडल्या, ओठ सैल झाले, आणि ते लागले बोलायला. तेही गोडताईच्याच चालीवर!

"निळं पाखरू... नऊ-शून्य-नऊ... वर चांदणी... पुढे उद्गार..."

एकदा नाही, चार वेळा. मग स्वतःच्याच आवाजाने दचकून ते उठले आणि अनवाणीच जिन्याकडे धावले. मागून सगळी वरात.

"कुणी ऐकलं?" जिना चढता चढता बाईंनी विचारलं.

"छे! कानात बोटं होती की," मुकादम म्हणाला. "आपल्याला काय कळतंय त्यातलं."

"आम्हाला कसलं ऐकू येतंय," आठ जणी म्हणाल्या.

काका पडद्यापुढे बसले. एकच संधी. खोलीत पंख्याचा आवाजही मोठा वाटत होता. काकांनी कपाळ पुसलं आणि पुटपुटत एकेका बोटाने टाकायला सुरुवात केली. "निळं पाखरू... नऊ... शून्य... नऊ..." बोट थांबलं. हवेतच राहिलं. "वर... वर..."

वर काय? कौल? पतंग? ढग? काकांच्या मानेवरून घामाचा ओघळ खाली उतरला. बोट एका चुकीच्या कळीकडे वळायला लागलं.

"चांदणी!" अख्खी खोली एका सुरात ओरडली. "पुढे उद्गार!"

काकांच्या बोटाने ऐकलं. यंत्रणा उघडली.

मग जी शांतता पसरली, तिच्यात सगळ्यांना एकदमच कळलं की आपण काय केलं. आठ जणींनी तोंडावर हात ठेवले. मुकादम छताकडे बघायला लागला. काकांनी सावकाश मान वळवली. आता नापास, आता खोली बंद, आता आठ जणींना काय सांगायचं, हे सगळं त्यांच्या डोळ्यांत उभं होतं.

पण बाई लिहीत नव्हत्या. त्यांचं पेन हवेत होतं आणि तोंड अजून अर्धवट उघडं. 'उद्गार' मधला शेवटचा 'र' त्यांच्या ओठांवरून अजून पुरता उतरलेला नव्हता.

"मॅडम," गोडताई आपल्या गोड आवाजात म्हणाली, "तुम्हीसुद्धा?"

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "चाल चांगली होती," त्या म्हणाल्या. मग घसा साफ करून त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिताच मोठ्याने वाचलं, "पासवर्ड उपस्थित सर्वांना कळला. उपस्थितांमध्ये परीक्षकही धरावेत. तो परीक्षकांच्या समक्ष ताबडतोब बदलण्यात आला." त्यांनी वर पाहिलं. "बदला. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा. मी खिडकीकडे करते."

आठ जणी, मुकादम, हमाल, सगळे भिंतीकडे वळले. काकांनी नवी ओळ टाकली, पुन्हा टाकून पक्की केली. बाईंनी आतली व्यवस्था तासभर उलटीपालटी करून पाहिली, चूक सापडेना तशी थोडी हिरमुसून सही केली, आणि स्वतःच्या बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन त्या गेल्या. सही मुदतीच्या आत बँकेत पोचली. शेठनी वर येऊन आठही जणींना हसून मान डोलावली. काका मात्र खुर्चीत बसून राहिले. थकव्याने त्यांचे डोळे मिटत होते आणि ते चिमटा काढून उघडत होते.

मुकादम गोदामाकडे जाता जाता गोडताईजवळ घुटमळला.

"ताई, आता नवीन काय ठेवलं असेल हो यांनी?"

"घाई काय आहे?" गोडताई कानाला यंत्र लावत म्हणाली. "पाच मिनिटं थांब की. डुलकी लागतेच आहे त्यांना."