मुसंडेरावांची उंच गाडी

एका जंगलात डांबरी रस्ता नुकताच पोचला होता आणि त्याच्या मागोमाग पिकअप गाड्याही. तिथे मुसंडेराव नावाचे एक रानडुक्कर राहत. घरचं बरं होतं, सीताफळांचा धंदा होता, पिकअप होती. दुःख एकच. नाक्यावर शेजारी सांबराची गाडी उभी राहिली की सांबर नमस्कार करायचं तो ह्यांच्या डोक्यावरून पलीकडे जायचा.

हसू नका बाळांनो. बुटकं असणं काय असतं ते बुटक्यालाच कळतं.

त्यातच लेकीचं, लाडीचं, लग्न ठरलं. सासर डोंगरापलीकडे, माणसं मानापानाची. मुसंडेरावांनी मनाशी ठरवलं की माझी लेक जाईल तर उंच गाडीतूनच जाईल.

हुपाजी मिस्त्री म्हणजे जंगलातला गॅरेजवाला वानर. त्याने स्प्रिंगांखाली ठोकळे घातले, दांडगे टायर चढवले. गाडी इतकी उंच झाली की मुसंडेरावांना चढायला शिडी लागू लागली. पण दुसऱ्याच दिवशी सांबराने डोळ्याला डोळा भिडवून नमस्कार केला, आणि मुसंडेरावांना अगदी भरून आलं.

फक्त गाडी डावीकडे ओढायला लागली. चाकांचं तोंड एकीकडे, स्टेअरिंग दुसरीकडे. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला तो विझेचना. हुपाजी म्हणाला, अलाइनमेंटचं मग बघू, गाडीला अजून उंचीची सवय नाही. आणि असले दिवे तर भारी गाड्यांनाच लागतात. मुसंडेरावांना हे लगेच पटलं.

बायकोला, गजराबाईंना, मुळीच पटलं नाही.

"अहो, तो दिवा काहीतरी सांगतोय."

"सांगू दे की. ह्या घरात मला सगळेच सांगतात."

एवढं बोलून त्यांनी लाडीची एक टिकली घेतली आणि दिव्यावर चिकटवून टाकली.

लग्नाच्या सकाळी नवरी पुढे, वऱ्हाड मागे, आणि सगळ्यांच्या पुढे वाजंत्री, अशी मिरवणूक निघाली. मुसंडेराव सगळी ताकद लावून स्टेअरिंग उजवीकडे धरून होते. तळ्याच्या वळणावर त्यांनी घाम पुसायला एक हात सोडला. झालं. गाडी डावीकडे उतरली ती थेट चिखलात, पोटापर्यंत. वाजंत्री वाजवत पुढे निघून गेले.

कुणाला लागलं नाही. पण लाडीचा शालू बघवेना. ती मुसमुसत होती, मुहूर्त जवळ येत होता, आणि मुहूर्त टळला तर हे व्याही लग्न मोडायला कमी करणार नव्हते. तेवढ्यात नुसतेच वाजंत्री आलेले बघून नवरदेवाकडचे तणतणत शोधायला आलेच.

मुसंडेरावांनी उंच सीटवरून हात जोडले.

"या, या. मांडव इथेच आहे."

व्याही शिव्या द्यायला तोंड उघडणार, तोच त्यांची नजर चिखलावर गेली. शेवटी तेही रानडुक्करच. पहिली उडी नवरदेवाने मारली. चिखलातच अंतरपाट धरला, चिखलातच अक्षता पडल्या. असं लग्न कधी झालं नव्हतं म्हणून जो तो वाखाणत सुटला, आणि हुपाजीच्या गॅरेजापुढे गाड्या उंच करून घ्यायला रांग लागली.

दुपारी हत्तीने गाडी ओढून काढली. पाठवणीची वेळ झाली. मुसंडेरावांनी सीट पुसली, शिडी लावली. लाडीने शिडीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि वाकून नमस्कार केला.

"बाबा, मी चालत जाते."

ती गेली. तिच्यामागून गजराबाई सोडून सगळे गेले. मुसंडेराव गाडीत एकटेच वर बसून राहिले. उंचीवरून लेक पार वळणापर्यंत दिसत होती. ते हमसून हमसून रडले.

चिखलात टिकली गळून गेली होती. दिवा तसाच पिवळाजर्द. मुसंडेरावांनी डोळे पुसले आणि गजराबाईंकडे दुसरी टिकली मागितली.

तात्पर्य: दिवा लागला की टिकली लावावी, आणि गाडी रुतेल तिथे मांडव घालावा. चाकं सरळ करून घेण्याची उठाठेव फक्त त्यांनी करावी, ज्यांना आपल्या लेकीला आपल्याच गाडीतून पोचवायचं असतं.