नाकाने घेतलेली गाडी

हायवेवरच्या त्या शोरूमची फरशी इतकी लखलखीत होती, की चपला बाहेर काढाव्यात की काय अशा विचारात मी दारातच घुटमळलो. आमचे मोरेश्वरभाऊ मात्र थेट तिथल्या सगळ्यात भारी गाडीपाशी गेले, पुढचं दार उघडलं, पिशवीतून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं आणि सुक्या बोंबलांची एक जुडी लेदरच्या सीटवर ठेवून दार लावून घेतलं. टायवाला सेल्समन धावत येईपर्यंत भाऊ सोफ्यावर बसलेसुद्धा होते.

"मुरू दे जरा," ते त्याला म्हणाले. "घाई नाय आपल्याला."

मी त्या क्षणी दुसऱ्या कुणाबरोबर तरी आलोय असं दाखवायचा प्रयत्न केला. पण शोरूममध्ये दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं, त्याला मी काय करणार!

मोरेश्वरभाऊ बोईसरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे समुद्रकाठच्या दातिवऱ्याचे. तारापूरच्या एमआयडीसीत उभा जन्म कँटीनचं कंत्राट चालवलं, चार पैसे गाठीला बांधले, लग्न मात्र राहून गेलं ते गेलंच. या माणसाचा सगळा कारभार नाकावर चालतो. "डोले फसतात, नाक नाय फसत," हे त्यांचं ब्रीदवाक्य. फ्लॅट घ्यायला आले तेव्हा बिल्डर त्यांना टाइल्स दाखवत होता आणि हे भिंतींना नाक लावून खोल्याखोल्यांतून फिरत होते. बाथरूमच्या कोपऱ्यात थांबले आणि म्हणाले, इथे पाणी झिरपणार. पुढच्याच पावसाळ्यात झिरपलं. आमच्या स्वयंपाकघरात डाळ खाली लागायला लागली, की आमच्या हिच्या आधी त्यांना कळतं. बेल वाजते, दारात भाऊ. "वैनी, गॅस बारीक करा." ही त्यांच्यावर जाम चिडते, पण आधी गॅस बारीक करते. माझ्या मेहुण्यासाठी मुलगी बघायला आम्ही त्यांना नेलं नाही, त्याचं कारण वेगळं सांगायला नको.

तर अशा माणसाने साठी उलटल्यावर गाडी घ्यायचं काढलं. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी सल्ले दिले. एकट्या जिवाला गाडी कशाला, रिक्षा काय थोड्या आहेत का, असं बहुतेकांचं मत पडलं. भाऊंनी मात्र दोन गाड्या नक्की केल्या होत्या. एक बोईसरच्या शोरूममधली साधी, चारचौघांसारखी, कापडी सीटची. दुसरी जवळपास तेवढ्याच आकाराची, पण बड्या घराण्यातली, लेदर सीटची. मी दुसरीच्या बाजूने जीव तोडून बोलायचो. भाऊंच्या भल्यासाठी बोलतो, असं मी म्हणायचो. खरं सांगायचं तर मलाच तिच्यात बसायचं होतं. छत उघडायचं हो तिचं!

गाडी कशासाठी ते मला शोरूमला जाताना बसमध्ये कळलं. भाऊंना एक थोरली बहीण आहे. ते तिला बाय म्हणतात, म्हणून आम्हीही बाय म्हणतो. आईबाप लवकर गेले, आणि बायने डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन, गावोगावचे बाजार करून या भावाला वाढवलं, शिकवलं. एकदा ती भाऊंना घेऊन बाजारातून जीपने घरी परतत होती. पाटीतली मासळी विकली गेली होती, नुसता वास उरला होता. बाकीच्या उतारूंनी नाकाला पदर लावले, कुरकुर केली आणि ड्रायव्हरने भर उन्हात अर्ध्या वाटेत दोघांना खाली उतरवलं. लहानग्या भाऊंना चालवेना, तर बायने त्यांना कडेवर घेतलं आणि पाटी डोक्यावर. त्या दिवसापासून बाय कुणाच्या वाहनात बसलेली नाही. बाजार केले ते पायी केले. गुडघे गेले तेव्हा बाजार सोडले, पण वाहनात काही बसली नाही.

आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. पालघरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला आणा म्हणून सांगितलंय, उशीर केला तर हाताबाहेर जाईल असंही सांगितलंय. पण ती हटून बसली. भाऊंनी तिच्या एकटीसाठी रिक्षा ठरवून नेली, तर म्हणाली, माझ्यामागून त्याला दुसरी माणसं बसवायची असतात, त्याच्या पोटावर पाय कशाला? डॉक्टरला गावात आणतो म्हटलं, तर हसली. शेवटी कंटाळून म्हणाली, स्वतःची गाडी आण, मग बघू. टाळायला म्हणाली असणार. भाऊंनी मात्र ते वाक्य धरून ठेवलं.

हे सगळं सांगून झाल्यावर भाऊंनी मांडीवरची पिशवी सावरली.

त्यामुळे त्या बोंबलांचा अर्थ मला लागला होता. बायचा वास गाडीला लागेल का, याची ती परीक्षा होती, असं मी धरून चाललो. शोरूमवाल्यांची मात्र कमाल. गाडीतून जुडी बाहेर काढल्यावर सेल्समनने ओलं फडकं आणलं, सीट पुसली, काहीतरी फवारलं, आणि खरोखर! भाऊंनी आत डोकं घालून चांगलं छाती भरून हुंगलं, मीही हुंगलं. वासाचा मागमूस नाही. सेल्समनचा चेहरा पोरीचं लग्न ठरल्यावर बापाचा खुलतो तसा खुलला. मी म्हटलं, झालं, उरकलं काम, आता हीच घ्या.

भाऊ बाहेर आले. "सगला गेला," एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलून चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी बोईसरचं शोरूम. तीच जुडी, तोच सोफा, तेच "मुरू दे". इथे सीट कापडी. बोंबील काढले, पुसापुशी झाली, दारं उघडून पंखा लावला, तिथल्या बाईंनी स्वतःच्या पर्समधलं अत्तरसुद्धा मारून पाहिलं. वासाने जागा सोडली नाही. मी मनातल्या मनात उघड्या छताखाली बसून समुद्राचा वारा खात होतो. तेवढ्यात भाऊ म्हणाले, "हीच द्या."

बाईंना वाटलं, या मॉडेलची नवी गाडी. भाऊंना हवी होती ती हीच, समोर उभी असलेली, बोंबलाची. एकदा वास लावल्यावर ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारणं बरं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना बाजूला घेऊन चांगलं झापलं. अहो, परीक्षा तुम्हीच घेता आणि नापास झालेल्या पोरीला हार घालता? त्यांनी नाक चोळलं आणि सही करायला गेले. मी घरी येऊन हिला म्हटलं, समोरच्याचं डोकं फिरलंय. ती म्हणाली, त्यात नवीन ते काय?

बायला आणायला दातिवऱ्याला निघाले तेव्हा मलाही चला म्हणाले. घरापुढच्या ओटीवर बाय आमची वाट बघत होती. काय सांगू तुम्हाला! धुवट लुगडं, गळ्याला पावडरचे थर, केसांना माखलेलं तेल, आणि साबणाचा असा घमघमाट, की सबंध वडी अंगाला लावून संपवली असावी. काखेत प्लास्टिकची मोठी ताडपत्री, नीट घडी घातलेली. भाऊंनी गाडीचं पुढचं दार उघडताच तिने चाचपत ती सीटवर अंथरायला घेतली.

भाऊंनी ताडपत्री काढून घेतली.

"नको बाय. टेक तशीच."

"अरे, वास बसंल गाडीला. मंग जायाचा नाय तो."

"म्हनून तं कापडाची घेतली," भाऊ म्हणाले. "ती भारीतली गाडी होती ना, तिच्यात पुसला का सगला जात होता. मला नको तशी. उद्या तू नसलीस का मी कोनाचा वास घेऊ?"

मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. टायरकडे बघत राहिलो. दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

बायने चाचपून भाऊंचा खांदा शोधला आणि त्यावर एक चापट मारली. "मेल्या," ती म्हणाली, "मी जिती हाय अजून." मग तिने भावाचा हात धरला, एक पाय आत टाकला, थोडी थांबली, दुसरा पाय उचलून घेतला, आणि बसली.

बसली म्हणजे अगदी कडेला. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ, कुठे काही अंगाला लागू नये अशी. मी मागे बसलो होतो, मला तिची पाठ आणि सीट यांच्यातली फट दिसत होती. भाऊंनाही दिसत असणार, कारण ते गाडी इतकी हळू चालवत होते, की मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. एडवण गाव मागे पडलं. नारळाच्या वाड्या सरल्या, मोकळी शेतं लागली. बायने एकदा हळूच मागे हात नेऊन सीटच्या कापडावरून फिरवला.

मग तिने पाठ टेकली. डोकंही टेकलं, सगळं तेल कापडाला लागू दिलं, आणि डोळे मिटून घेतले.

भाऊंनी छाती भरून हुंगलं आणि खिडकीची काच वर केली.