धाकट्या भावंडाचं वजन

कमी वजनाचं मूल जन्मलं, तर पुढे त्याच्या आईबापाचं हृदयही दगा देण्याचा संभव असतो, असं एक परिपत्रक जावातल्या आमच्या तालुका आरोग्य कार्यालयात आलं. अशा आईबापांची हृदयतपासणी फुकट करावी, असंही त्यात होतं. तालुक्यात हृदय तपासायचं यंत्र एकच, आणि तेही आरोग्य अधिकारी पाक हर्सोनो, म्हणजे हर्सोनोसाहेब, यांच्या खोलीत चहाची किटली डोक्यावर घेऊन सेवेत होतं. तेव्हा साहेबांनी मुळावरच घाव घातला. मुलं वजनदार जन्मली, की आईबापांची हृदयं आपोआप ठणठणीत राहतील!

वजन वाढवायचा मार्ग परंपरेनंच दाखवला. आमच्याकडे बाळामागून पडणारी वार म्हणजे त्याचं धाकटं भावंड. बाप ती धुऊन, मडक्यात घालून दाराशी पुरतो आणि वर दिवा लावतो. "भावंडांची ताटातूट करणारे आपण कोण?" साहेब सभेत गहिवरून म्हणाले, आणि त्या दिवसापासून सुइणी बाळाला वारेसकट तोलू लागल्या. बघता बघता तालुक्यात कमी वजनाचं मूल औषधालाही उरलं नाही. साहेबांना जिल्ह्याची मानाची ढाल मिळाली.

माझी शेजारीण वुर्यानी. तिचा मुलगा मांजराच्या पिल्लाएवढा जन्मला, पण भावंड धरून नियमात बसला. वर्ष सरलं तशी वुर्यानीला विहिरीवरून घरी येईतो धाप लागायला लागली, पाय सुजायला लागले. नवरा, सार्जितो, तिला घेऊन आरोग्य केंद्रावर गेला.

"तपासणी नाही मिळायची," सुईण बू लास्मिनी, म्हणजे लास्मिनीबाई, म्हणाली. "पोर चांगलं भरलं होतं तुझं. म्हणजे तू ठणठणीत."

"मी ठणठणीत, तर मग धाप कुणाला लागते, बू? विहिरीला?"

"अहो, त्या वजनात धाकटं होतं की!" सार्जितो म्हणाला.

"मग घेऊन या धाकट्याला. वजा करून देते."

सार्जितो सरळ माणूस. त्यानं दाराशी खणलं. मडकं सापडलं, आत नुसती माती. ते मडकं घेऊन तो साहेबांपुढे उभा राहिला.

"ही तर माती आहे," साहेब म्हणाले.

"भावंडाचीच झाली, पाक."

"म्हणजे मयत! मृत्यूची नोंद केलीत? नाही ना? मग कार्यालयाच्या लेखी ते हयात आहे. हयात माणसाला मी वजा कसं करू?"

"पाक, ते राहू द्या. तिला नुसतं तपासा हो, हात जोडतो."

"अहो, आज तिला तपासलं, तर उद्या अख्खा तालुका आजारी निघेल! ढाल परत करायची का मी?"

केंद्रावर पोरांच्या पुढच्या वजनाच्या दिवशी पोराला काट्याच्या झोळीत ठेवता ठेवता वुर्यानी कोसळली. सगळे धावले. बू लास्मिनीनं पोर झेललं, साहेबांनी काटा सावरला. "पोराला लागलं नाही ना? वजन घटलं नाही ना?" एकच गलका झाला. पोर छान होतं. खाली मातीत वुर्यानीला हाका मारत होता तो एकटा सार्जितो. ती उठली नाही. त्या गलक्यात मीही होतो आणि मीही काट्याकडेच बघत होतो, याची मला आजही चीड येते.

तुम्हालाही आली असेल. यावीच. तुम्ही जन्मलात तेव्हा किती वजनाचे होतात, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ असेल. आई अजून पाहुण्यांना कौतुकानं सांगत असेल. तिचा रक्तदाब किती आहे, तेवढं सांगा पाहू.