सासरे मेट्रोत, अडकित्ता माझ्याकडे

नागपुरात मेट्रोत बसणारी माणसं पुष्कळ आहेत, पण मेट्रोनं प्रवास करता येणारा माणूस एकच आहे आणि तो मी. बाकीचे नुसते आत असतात. कोणी सरकत्या जिन्यापुढे एक पाय उचलून विहिरीच्या काठावर उभं असल्यासारखा विचार करत राहतो, कोणी कार्ड मशीनवर असं आपटतो की जणू नारळ फोडून राहिला. दारातच उभे राहून सेल्फी काढणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. मी पहिल्या आठवड्यापासूनचा प्रवासी. डब्याचं कोणतं दार कोणत्या जिन्यासमोर येतं, हे मला झोपेतही सांगता येतं.

तर आमच्या मयुराचा साखरपुडा ठरला. मयुरा ही माझ्या मेव्हण्याची, बंटीची मुलगी. बंटी बावन्न वर्षांचा आहे, पण आपल्याकडे एकदा बंटी झालेला माणूस शेवटपर्यंत बंटीच राहतो. हॉल बेसाला होता आणि मुहूर्त अकरा चाळीसचा. माझी बायको लतिका आदल्या दिवशीच तिकडे गेली होती. सासरे गणपतराव आमच्याकडे नंदनवनला मुक्कामाला होते. त्यांना घेऊन मी सकाळी यायचं, एवढंच काम माझ्याकडे होतं. आजोबा आल्याशिवाय अंगठी घालून घेणार नाही, असं मयुरानं मुलाकडच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

बंटी म्हणाला, गाडी पाठवतो. मी म्हटलं, काही गरज नाही, आम्ही मेट्रोनं येऊ. तो म्हणाला, नंदनवनहून बेसा म्हणजे सक्करदरा, मानेवाडा आणि आलंच की बेसा. मेट्रोसाठी तुम्ही आधी उलटे वर जाणार, मग सीताबर्डीला गाडी बदलणार, मग खाली येणार आणि शेवटी ऑटो करणारच. असे प्रश्न काढणाऱ्या माणसांमुळेच देश मागे राहतो. मी फोन ठेवून दिला.

गणपतराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. पण एसटी कुठे आणि मेट्रो कुठे! म्हणून स्टेशनवर नेणाऱ्या ऑटोत मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पिवळी रेघ म्हणजे काय, दार आपोआप कसं उघडतं, स्टेशन आलं की काय करायचं. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "तुमी काहून इतकं शिकवून राहिले जवाईबुवा? गाडीच हाये ना ते?"

स्टेशनवर सामान तपासायच्या मशीनमधून त्यांची पिशवी गेली आणि अडकली. मशीनवर बसलेल्या मुलीच्या छातीवर रितिका अशी नावाची पट्टी होती. तिनं पिशवी उघडायला लावली. आतून निघाला अडकित्ता. साधासुधा नव्हे, वीतभर लांब, पितळी मुठींचा, आणि पातं असं की सुपारी नुसती बघूनच फुटावी. धारदार वस्तू नेता येणार नाही, असं रितिका शांतपणे म्हणाली.

मी पुढे झालो. तिला सांगितलं की मी पहिल्या आठवड्यापासूनचा प्रवासी आहे आणि असा काही नियम नाही. असता तर मला माहीत असता. तिनं माझ्या खांद्यामागे बोट दाखवलं. मी ज्या फलकाला टेकून उभा होतो, त्यावर नियम लिहिला होता आणि सुरी-कात्रीचं चित्रही काढलं होतं. मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

अडकित्ता इथंच ठेवा, संध्याकाळी नेऊ, असं मी सासऱ्यांना म्हटलं. त्यांनी तो उपरण्यात गुंडाळून छातीशी धरला. "माह्या बापाचा हाये थो. मी इथं ठेवत नसतो."

साडेदहा झाले होते. इथून दोघांनी ऑटोत बसावं आणि सरळ बेसाला जावं, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मेट्रोनं आलोच नाही असं बंटीला सांगायचं म्हणजे! मी ठरवलं की सासरे मेट्रोनंच जातील. अडकित्ता मी ऑटोनं नेतो, बेसाला जवळ पडणाऱ्या उज्ज्वल नगर स्टेशनखाली त्यांना भेटतो आणि तिथून दोघं एकत्र हॉलवर जातो. अडकित्ता पिशवीसकट माझ्याकडे घेतला, माझं कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि सीताबर्डीला गाडी कशी बदलायची ते तीनदा सांगितलं. त्यांच्याकडे फोन नव्हता. ते मान हलवून आत गेले आणि वळूनही पाहिलं नाही.

सक्करदरा चौकात कुठल्याशा नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. ढोलवाले रस्त्यावर उतरले होते. माझा ऑटो तिथं पस्तीस मिनिटं उभा राहिला. मी मांडीवर अडकित्ता घेऊन बसलेलो, आणि ऑटोवाला आरशातून त्याच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होता.

उज्ज्वल नगरला पोचलो तेव्हा साडेअकरा होत आले होते. स्टेशनखाली सासरे नव्हते. पलीकडच्या फुटपाथवर नव्हते, चहाच्या टपरीवरही नव्हते. वर फलाटावर असतील म्हणून धावत जिना चढलो, तर सामान तपासणाऱ्या माणसानं माझ्या हातातली पिशवी थांबवली. आत काय आहे, ते मी सांगायला नको. माझ्याकडे कार्डही नव्हतं. मला घाम फुटला. म्हातारा माणूस, फोन नाही, कुठल्या कुठे गेला असेल! शेवटी मी हात जोडले आणि स्टेशनवाल्यांनी घोषणा केली: पांढरं धोतर, काळी टोपी, वय अठ्ठ्याहत्तर, जावई खाली वाट पाहत आहेत.

लतिकाचे अकरा फोन येऊन गेले होते. बाबा कुठे आहेत, हेच ती विचारणार, म्हणून मी उचलत नव्हतो. बारा वाजता बारावा उचलला.

"अहो, तुम्ही आहात कुठे?"

"लतिका, घाबरू नकोस. बाबा हरवलेत."

"बाबा इथं आहेत. साडेअकराच्या आतच आले. अंगठी घालून झाली, आता जेवायला बसताहेत. तुमचाच पत्ता नाही म्हणून बंटी गाडी घेऊन तुम्हाला शोधायला निघालाय."

शेवटी बंटीच्याच गाडीतून हॉलवर पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती. गणपतराव मुलाकडच्या मंडळींच्या मधोमध बसून मेट्रोबद्दल सांगत होते. गाडी थंडगार, फलक मोठे, चुकायची सोयच नाही. सीताबर्डीला त्यांनी दोन बाईमाणसांना कुठून बदलायचं तेही दाखवलं होतं. मी अडकित्ता पुढे केला आणि विचारलं की ठरल्याप्रमाणे स्टेशनखाली थांबले का नाहीत.

"थांबलो ना. दहा मिन्टं पाह्यलं, मंग ऑटो केला," ते म्हणाले. "एकतीस वर्सं कंडक्टरकी केली गा बाप्पा, लेट पॅशिंजरसाठी मी कधी गाडी थांबवली नाही."

सगळा हॉल हसला. मुलाचे वडील सगळ्यात जास्त.

सासरे पुढे महिनाभर आमच्याकडे राहिले आणि त्यांनी स्वतःचं कार्ड काढलं. एके सकाळी मी ऑफिसला निघालो तर मशीनवर रितिकाच होती. "काका, आजोबा काल एकटेच आले होते," ती हसून म्हणाली. "काहीच प्रॉब्लेम आला नाही. आज तुम्ही एकटे जाताय, नीट जाल ना?"

तेव्हापासून मी एक स्टेशन पुढे चालत जाऊन मेट्रो धरतो. तब्येतीसाठी, असं घरी सांगितलंय. लतिकाला ते पटलेलं दिसत नाही.