पार्किंग नंबर सातचा भाव

"काल रात्री बाल्कनी वाढली, मॅडम."

सकाळी सात वाजता, लिफ्टमध्ये, हातात दुधाची पिशवी असताना कुणी आपल्याला असं सांगितलं तर आपण काय समजायचं? मी सोसायटीची सेक्रेटरी. मला वाटलं, कुणीतरी गुपचूप बांधकाम काढलं. मी तशीच खाली उतरले, चष्मा लावून बिल्डिंगला अख्खी एक चक्कर मारली आणि सगळ्या बाल्कन्या मोजल्या. होत्या तेवढ्याच होत्या. परत येऊन गावंड्यांना जाब विचारला तर म्हणाले, "बिल्डिंगची नाही हो. गाडीची."

हे आमचे दुसऱ्या मजल्यावरचे गावंडे. त्यांच्याकडे एक जपानी गाडी आहे. निळी, दोन दारांची, इतकी बुटकी की शेजारी स्कूटर उभी केली तरी ती स्कूटरच्या सावलीत जाते. पार्किंग नंबर सातमध्ये ती पंधरा वर्षं उभी आहे आणि उभ्या उभ्या महाग होते आहे. तिचा भाव गावंडे रुपयांत सांगत नाहीत. "आकडा ऐकला की लोकायच्या पोटात दुखते," म्हणतात. ते भाव सांगतात कोथरूडच्या फ्लॅटमध्ये. आली तेव्हा गाडी वन रूम किचन होती. मग वन बीएचके झाली. परदेशात कुठल्याशा लिलावात तसलीच एक गाडी चढ्या भावाने गेली, तर आमच्या सातनंबरला रातोरात टू बीएचके आणि वर बाल्कनी. सध्या ती टू बीएचके, टेरेस आणि कव्हर्ड पार्किंग इथवर आली आहे. कोथरूडात कव्हर्ड पार्किंग मिळवणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल.

गावंडे मूळचे अकोल्याचे. भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात त्यांचा जन्म गेला. लग्न केलं नाही. का, विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, विजेचं बिल भरायचं राहून गेल्यासारखं. कारखान्यात एक जपानी साहेब होता. त्याची बदली झाली तेव्हा गाडी परत न्यायचा खर्च फार, म्हणून त्याने ती विकायला काढली. कुणी घेईना. मोठे साहेब लोक म्हणाले, हिचे पार्ट मिळत नाहीत, मागे माणूस बसत नाही, डिकीत गव्हाचं पोतं मावत नाही. गावंड्यांनी अकोल्याचा प्लॉट विकला आणि गाडी घेतली. त्यांच्या थोरल्या भावाने त्या दिवशी फोनवर जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि तेव्हापासून तो काही बोललेला नाही.

"अहो, पण हा डबा महाग का होतो?" असं मी एकदा विचारलं. चूक झाली. पाऊण तास उभी होते.

"मॅडम, अशा गाड्या आता निघतच नाहीत. आता सगळं कम्प्युटर करते. माणसाने फक्त बसायचं, पार्सलवानी. हिले हातानं गिअर टाका लागते. क्लच दाबा लागते. ही चुकली तर सांगते, तुम्ही चुकले तर धडा शिकवते. आणि ज्या पोट्ट्यायनं शाळेत असताना भिंतीवर हिचा फोटो चिकटवला होता, ते पोट्टे आता आयटीत साहेब झाले. पैसा हाये, फोटो हाये, गाडी नाही. मंग भाव चढन नाही तर काय?"

तीस वर्षं पुण्यात काढून गावंड्यांची भाषा तशी इथली झालेली आहे. पण गाडीचा भाव वाढला की ती लगेच अकोल्याला जाते. त्यामुळे बाजाराचा कल कळायला मला विचारावंही लागत नाही. नुसतं "नमस्कार मॅडम" म्हणाले तर भाव स्थिर आहे. "काहून मॅडम, बरं हाये ना?" म्हणाले की टेरेस वाढलं असं समजायचं.

आता एवढी मोठी मालमत्ता असलेला माणूस मंडईत भाजी आणायला कसा जातो? बसने. सीनियर सिटिझनचा पास खिशात, दोन कापडी पिशव्या हातात, आणि बसमध्ये उभा. कारण गाडी चालवली की किलोमीटर वाढतात आणि किलोमीटर वाढले की भाव उतरतो. एकदा माझे मिस्टर पाय मुरगळून जिन्यात बसले होते. गावंडे धावत आले, त्यांना खांद्यावर घेतलं, रस्त्यापर्यंत नेलं, रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडले आणि दवाखान्यात चार तास बसून राहिले. पण गाडी काढली नाही. मी घरी आल्यावर बरंच बोलले. मिस्टर म्हणाले, "अगं, त्या गाडीत मला आडवं घालूनच न्यावं लागलं असतं. रिक्षाच बरी."

फक्त रविवारी सकाळी गाडीचं सोवळं सुटतं. आधी वरचं प्लास्टिक, मग ताडपत्री, मग आतली मऊ चादर, अशी तीन पांघरुणं निघतात. मग गावंडे सात मिनिटं इंजिन चालू ठेवतात, घड्याळ लावून. आणि दहा वाजल्यापासून माणसं यायला लागतात. गाडी विकायची आहे असं त्यांनी कुठल्याशा साइटवर टाकलेलं आहे. साताऱ्याहून, नगरहून, नाशिकहून पोरं येतात, बाइकवरून, हेल्मेटं काखेत मारून. "काका, एकदा साउंड ऐकवा ना, प्लीज!" "किती क्लीन ठेवलीये यार!" गावंडे त्यांना हात धुवायला लावतात, पट्टे काढायला लावतात, कारण बक्कल घासतं, आणि बूट बाहेर ठेवायला लावतात. पार्किंगमध्ये दर रविवारी बुटांची रांग असते. नव्या वॉचमनने पहिल्या रविवारी गाडीला हात जोडले होते.

गाडी बघून झाली की सगळे वर गावंड्यांच्या घरी. तर्री-पोहे. मटकीचा लालभडक रस्सा, त्यावर शेव. साताऱ्याची पोरं तिखटाच्या गप्पा मारत वर जातात आणि नाक पुसत खाली येतात. एक-दीड वाजेपर्यंत हसण्याचा नुसता गलका. तोवर यांच्या बाइकनी पाहुण्यांचं पार्किंग अडवलेलं असतं आणि माझा फोन तक्रारींनी तापलेला असतो.

आणि गाडी? ती काही विकली जात नाही. एकजण कबूल झाला, तर गावंडे म्हणाले, "तो कालचा भाव झाला. आज चढली." दुसऱ्याने दार जरा जोरात लावलं. "असा माणूस बायकोशी कसा वागत असन," म्हणून त्याला नकार. तिसरा लाल रंग देणार होता. त्याला पोहे दिले, वर दही दिलं आणि वाटेला लावलं. प्रत्येकाच्या मागे ठरलेलं वाक्य, "योग्य गिऱ्हाईक आलं की आजच देतो, मॅडम. शब्द हाये आपला."

गेल्या वार्षिक सभेत सगळ्यांनी एकमुखाने रविवारची तक्रार केली. गावंडे उभे राहून तेच म्हणाले, योग्य गिऱ्हाईक आलं की आजच देतो. आता मी आयुष्यभर बँकेत नोकरी केलेली बाई. अर्ज आला की निकाली काढायचा, ही माझी सवय. मी कामाला लागले.

माझा भाचा निखिल बंगळूरला असतो. त्याचे साहेब असल्या गाड्या जमवतात. मी निखिलला फोटो पाठवले, कागदपत्रं पाठवली, भाव कळवला, तोही टेरेस आणि पार्किंगसकट. चार दिवसांत उत्तर आलं. भाव मान्य. रंग आहे तोच ठेवणार. घासाघीस नाही. मी इतकी खूश झाले की गुरुवारी सकाळी गावंड्यांकडे स्वतः गेले.

गावंडे ओट्याशी मटकी निवडत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले.

"कधी येऊन राहिले ते बघाले?"

"कोणी येणार नाहीये. फोटोंवरच पसंत केली. सोमवारी ट्रक येईल, त्यात चढवून नेतील."

"चहाले बी नाही येणार?"

"अहो, बंगळूरहून चहाला कोण येईल?"

गावंडे परत मटकी निवडायला लागले. मग म्हणाले, "बरं. शब्द दिला होता." माझे आभारही मानले. मी खाली आले आणि मिस्टरांना म्हटलं, बघा, पंधरा वर्षांचं प्रकरण चार दिवसांत निकाली काढलं. मिस्टर पेपरमधून बाहेर आले नाहीत. मला मात्र दिवसभर चुटपुट लागून राहिली. एवढा भाव मिळाला, आणि भाषा अकोल्याला गेली खरी, पण ती आनंदाने गेल्यासारखी वाटली नाही.

रविवारी नेहमीसारखी पोरं आली. मी बाल्कनीतून बघत होते. गावंड्यांनी पांघरुणं काढलेली होती. त्यांनी पोरांना सांगितलं असावं, कारण पोरांनी हात मिळवले, "काँग्रॅट्स काका!" म्हणाली, गाडीबरोबर दोन-चार फोटो काढले आणि हेल्मेटं चढवली. "अरे, पोहे?" गावंड्यांचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. "नेक्स्ट टाइम, काका!" म्हणून पोरं निघूनही गेली. पोरांचं काय चुकलं? गाडी विकली गेली होती, बघायचं काही उरलं नव्हतं. साडेदहाला पार्किंगमध्ये एकही बूट नव्हता.

अकराला माझ्या दाराची बेल वाजली. गावंडे, हातात झाकण लावलेलं भलं मोठं पातेलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात.

"वीस माणसायचे केले होते," म्हणाले. "तुमी घ्या थोडे. बाकी वाटतो बिल्डिंगीत."

मी त्यांना आत बसवलं. बसले, पण पातेलं मांडीवरून खाली ठेवेनात.

"गावंडे, गाडी द्यायची नव्हती तर सांगायचं होतं मला. मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

"गाडीचं काही नाही, मॅडम. लोखंड हाये ते. आज ना उद्या द्याचीच होती." मग पातेल्याचं झाकण नीट करत म्हणाले, "पण गाडी गेल्यावर माह्याकडे कोण येईन? भाव जितका चढला तितके लोक जास्त येऊ लागले. म्हून मी चढू देत होतो. पहिले महिन्यातून एक यायचा, आता वीस येतात. बिल्डिंगीतलं कोणी तर पंधरा वर्षात म्हणलं नाही, गावंडे, जरा बसू का गाडीत."

पंधरा वर्षं मी या माणसाला पार्किंगच्या नोटिसा पाठवल्या होत्या, वेळच्या वेळी, सहीशिक्क्यासकट. दवाखान्यात चार तास बसला हा माणूस माझ्या नवऱ्यापाशी. त्याला मी एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं. मला माझीच फार लाज वाटली.

मी निखिलला तिथल्या तिथे फोन लावला. "निखिल, तुझ्या साहेबांना सांग, व्यवहार रद्द. सोसायटीची एनओसी मिळत नाही."

"मावशी, गाडीला सोसायटीची एनओसी कुठे लागते?"

"आमच्या सोसायटीत लागते. सेक्रेटरी देत नाहीये."

"पण सेक्रेटरी तर तूच आहेस ना?"

"म्हणूनच ठामपणे सांगते आहे. ठेव फोन."

गावंडे तोंड उघडं टाकून बघत होते. "मॅडम, असा नियम हाये?"

"मंगळवारी टाइप करून लावते. ते पातेलं ठेवा तिकडे आणि खाली चला. मला गाडी दाखवा."

"तुमाले?"

"का? मी गिऱ्हाईक नाही का?"

खाली जाऊन मी नळाला हात धुतले. पट्टा नव्हता, पण त्यांनी माझ्या बांगड्यांकडे बघितलं, म्हणून त्या काढून पर्समध्ये टाकल्या. चपला बाहेर ठेवल्या. माझ्या गुडघ्यांनी त्या गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. आधी डोकं की आधी पाय, यावर आमची पाच मिनिटं चर्चा झाली. तेवढ्यात मिस्टर खाली आले, त्यांनी मला मागून ढकललं आणि एकदाची मी आत पडले. गावंडे दुसऱ्या बाजूने बसले. चावी फिरवली. गाडी अशी गुरगुरली की माझ्या कवळीपर्यंत पोचलं. मग त्यांनी जपानी साहेबापासून सुरुवात केली. क्लच झाला, गिअर झाले, भिंतीवरचे फोटो झाले. हे सगळं मी आधी ऐकलेलं होतं, तरी मध्येच "हो का?" म्हणत होते. बाहेर मिस्टर चपला काढून उभे होते आणि वॉचमन त्यांच्यामागे. बी विंगमधल्या कुलकर्णी बाई पिशवी घेऊन निघाल्या होत्या, त्याही थांबून "नंतर मी बसू का हो?" म्हणाल्या.

सात मिनिटं झाली तरी गावंड्यांनी इंजिन बंद केलं नाही. मी म्हटलं, "पसंत आहे. भाव बोला."

त्यांनी स्टिअरिंगवरून उगीचच हात फिरवला. डोळे भरून आले होते, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"आज कसा सांगू, मॅडम," म्हणाले. "पुढच्या रविवारी सांगतो. दहाले या. साहेबायले घेऊन या."