विहीणबाईंसाठी कुकीज

होणाऱ्या विहीणबाई पहिल्यांदाच चहाला येणार होत्या आणि त्यांना गहू अजिबात चालत नव्हता. कणभर जरी पोटात गेला तरी त्या अंथरूण धरत. म्हणून मास्तरांनी घरीच ग्लूटेन-फ्री ओट्सच्या कुकीज करायचं ठरवलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना रोज काहीतरी ठरवावंच लागे.

"त्यापेक्षा फळं कापू," बायको म्हणाली.

"फळं आजाऱ्याला देतात!" म्हणत मास्तरांनी मिक्सर लावला.

ओट्सच्या पिठाचा गोळा मास्तरांच्या हाताला चिकटत होता, स्वतःला मात्र चिकटायला तयार नव्हता.

"मूठभर कणीक घाला. कोणाला कळतंय?"

"त्यांच्या पोटाला कळेल!" मास्तर असे कडाडले की बायकोने कणकेचा डबाच उचलून आत नेऊन ठेवला.

मास्तरांनी मग मध ओतला. अंमळ जास्तच ओतला. ओव्हनमध्ये सगळ्या कुकीज एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि ट्रेभर एकच कुकी झाली. ती मऊ वाटली म्हणून मास्तरांनी पुन्हा आत सारली आणि ते दाढीला बसले. एक गाल होतो न होतो तोच करपल्याचा वास आला.

कुकीची फरशी झाली होती. सुरी वाकली. मास्तरांनी कुकी टॉवेलात गुंडाळली आणि हातोडी काढली.

खालचे शेजारी धावत वर आले. "भिंत पाडताय का?"

"कुकी फोडतोय."

शेजारी आल्या पावली परत गेले. पाचव्या घावाला पुन्हा बेल वाजली. गालावर फेस, हातात हातोडी, अशा अवतारात मास्तरांनी दार उघडलं आणि ते खेकसले, "एकदा सांगितलेलं कळत नाही?"

दारात विहीणबाई होत्या.

बायकोने कसंबसं त्यांना आत आणून बसवलं. बशीतले तुकडे पाहून विहीणबाई म्हणाल्या, "माझ्यासाठी केलंत? अहो, कुठेही गेलं की माझ्यापुढे केळंच येतं." त्यांचा आवाज जरा ओलावला होता. त्यांनी तुकडा तोंडात टाकला.

कट्!

विहीणबाईंनी तोंडापुढे रुमाल धरला. रुमालात दाढेची कॅप निघाली. मास्तरांना मुलीचं लग्न मोडलेलं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. बायकोने डोळेच मिटून घेतले.

विहीणबाईंनी कॅप नीट पुसून पर्समध्ये टाकली आणि बशी पुढे ओढली.

"चव छान आहे हो, मास्तर," त्या म्हणाल्या. "आता या बाजूने खाते."